मुदत संपल्यावरची एक्सपी

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ची अधिकृत मुदत संपली आणि घरोघरी तोच जुना प्रश्न पुन्हा आला. एक्सपीने तो ८ एप्रिल २०१४ ला विचारला होता, विंडोज ७ ने १४ जानेवारी २०२० ला. चालू असलेलं मशीन टाकून द्यायचं का? विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. म्हणजे २०१७ च्या आधीचा बहुतेक माल बाद. मशीन ठणठणीत, पण कागदोपत्री निवृत्त.

कोकणात या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. मुंबईत नकोसं झालेलं सगळं शेवटी गावच्या घरी येतं : सोफा, मिक्सर, पोर्टेबल टीव्ही. कॉम्प्युटरही तसाच आला. आंजर्ल्याला आमच्या ओटीवर असलेला पेंटियम फोर लॅमिंग्टन रोडवर जुळवलेला, एक्सपीवर चालणारा, आणि मुंबईच्या घरात जागा उरली नाही म्हणून इकडे पाठवलेला. असे डबे किनाऱ्यावरच्या गावागावांत दिसतात. ते चालू ठेवणारे लोक स्वतःला छंदिष्ट वगैरे म्हणवत नाहीत. कुणी बँकेतून निवृत्त झालेले, कुणी एकेकाळी डीटीपी करणारे, कुणी दापोलीला क्लासला जाऊन एमएस-सीआयटी केलेले. जगभर मात्र हा रीतसर छंद आहे आणि त्यात बरंच पांडित्यही आहे. त्या सगळ्याचा आपल्याला उपयोग किती, एवढाच इथे प्रश्न.

आधी एक गोष्ट मोकळी करून टाकतो. जुनी सिस्टीम केवळ तिच्या प्रेमापोटी जपणारे लोक आहेत, पण थोडे. बाकीचे जपतात ते तिच्या पोटात काहीतरी अडकलंय म्हणून. कुणाचा स्कॅनर अडकलेला असतो, ज्याचा ड्रायव्हर एक्सपीनंतर निघालाच नाही. कुणाचा हिशेब डॉसवरच्या टॅली ४.५ मध्ये असतो. आणि मराठी माणसाचं हटकून अडकलेलं असतं ते मराठी.

कुलवृत्तान्ताचंच उदाहरण घ्या. दापोली तालुक्यात मूळ असलेल्या कितीतरी घराण्यांनी आपापले कुलवृत्तान्त काढले. स्वातंत्र्यापूर्वीचे खिळे जुळवून छापलेले. नव्वदीनंतरच्या आवृत्त्या पेजमेकरमध्ये लागल्या, श्रीलिपी, आकृती किंवा सीडॅकच्या आयएसएममधल्या फॉन्टांत. आता पुढची आवृत्ती काढायची म्हटली की मंडळाचे कार्यवाह एक सीडी पुढे करतात. ती आजच्या लॅपटॉपवर उघडली तर पानभर इंग्रजी अक्षरांची, अधिकच्या चिन्हांची आणि उफराट्या प्रश्नचिन्हांची रांगोळी दिसते. फाईल बिघडलेली नसते. तिला वाचणारा फॉन्ट तिथे नसतो.

हे असं का होतं ते जरा खोलात जाऊन पाहायला हवं, कारण पुढचे सगळे निर्णय त्यावर ठरतात. त्या काळच्या फॉन्टाला जेमतेम २५६ घरं असत. प्रत्येक कंपनीने त्यांत आपापल्या सोयीने मात्रा, वेलांट्या, अर्धी अक्षरं बसवली. एकीच्या 'क'च्या जागी दुसरीचा 'ळ'. शिवाय अक्षरं डोळ्याला दिसतात त्या क्रमाने साठवली जात. 'चित्पावन' लिहिताना पहिली वेलांटी आधी आणि 'च' मागून. 'कर्वे' लिहिताना रफार सगळ्यांत शेवटी. युनिकोडमध्ये उलट आहे : आधी 'च', मग वेलांटी, आणि 'र' उच्चारात येतो तिथेच, 'व'च्या अगोदर. त्यामुळे जुन्या फाईलचं युनिकोड करणं म्हणजे नुसती अक्षराला अक्षर लावण्याची अदलाबदल नव्हे, प्रत्येक वेलांटी आणि प्रत्येक रफार उचलून योग्य जागी ठेवावा लागतो. रूपांतर करणारे प्रोग्रॅम हे बऱ्यापैकी करतात, पण फॉन्ट नेमका कुठला आणि त्याची कुठली आवृत्ती, हे त्यांना सांगावं लागतं. ते कळतं फक्त मूळ मशीनवर.

त्यात कुलुपाची भानगड. अशा पॅकेजांबरोबर पूर्वी बहुधा हार्डवेअर लॉक यायचं, प्रिंटरच्या समांतर पोर्टमध्ये मागून खोचायचं. ते खोचलेलं नसेल तर प्रोग्रॅम उघडत नाही किंवा अर्धवट उघडतो. नव्या मशीनला तो पोर्टच नसतो. म्हणून जाणकार लोक जेव्हा सांगतात की जुन्या डिस्कची प्रतिमा काढा आणि व्हर्च्युअलबॉक्समध्ये चालवा, झालं काम, तेव्हा ते नव्वद टक्के बरोबर असतात आणि उरलेल्या दहा टक्क्यांत आपलं कुलूप असतं. पेजमेकर आभासी मशीनमध्ये सुरेख चालतो. कुलूपवालं मराठी पॅकेज अडून बसतं. खरा डबा ठेवायचं माझ्या मते एवढंच एक भक्कम कारण आहे.

आता अपडेटकडे येऊ. या एका शब्दाखाली लोक भलभलत्या गोष्टी ढकलतात. कंपनीने काढलेले सुरक्षेचे तुकडे ही एक गोष्ट. कंपनीने हात झटकल्यावर छंदिष्टांनी केलेले जुगाड ही दुसरी. आणि बाहेरचं जग बदललं म्हणून जुन्या सिस्टीमला ते समजावून सांगणं, ही तिसरी. तीच सर्वांत रोजची.

तिसरीचा नमुना मराठीतूनच देतो. एक्सपीत देवनागरी असते, पण झोपलेली. कंट्रोल पॅनेलमध्ये 'रीजनल अँड लँग्वेज ऑप्शन्स', त्यात 'लँग्वेजेस'चा टॅब, आणि तिथे गुंतागुंतीच्या लिप्यांसाठीची एक रिकामी चौकट. तिच्यावर खूण केली की मशीन एक्सपीची सीडी मागतं. सीडीला पावसाळ्यात बुरशी आलेली असते. तेव्हा तिच्यातला आय३८६ हा फोल्डर कुणी शहाण्याने हार्डडिस्कवर उतरवून ठेवला असेल तर तो दाखवायचा. मशीन बंद करून चालू केलं की जोडाक्षरं जुळतात आणि र. कृ. जोशींनी घडवलेला मंगल फॉन्ट नीट दिसू लागतो. इथवर झालं की माणूस खूश होतो आणि मग त्याला 'ॲप' हा शब्द दिसतो, पहिल्या अक्षराच्या जागी चौकोन. कारण 'ॲ'ला युनिकोडमध्ये स्वतंत्र घर मिळालं २००८ साली, ५.१ या आवृत्तीत. एक्सपी आली २००१ ला. रुपयाच्या चिन्हाचंही तेच. सरकारने ते जुलै २०१० मध्ये स्वीकारलं, ऑक्टोबरात ते युनिकोड ६.० मध्ये गेलं, मायक्रोसॉफ्टने विंडोज ७ आणि व्हिस्टासाठी त्याचा तुकडा काढला, पण एक्सपीच्या वाट्याला तो आला नाही. ₹ साठी एखादा नवा मोफत फॉन्ट टाकला की भागतं. जोडाक्षरांची बारीकसारीक गडबड उरलीच तर यूएसपी१० नावाची फाईल नव्या ऑफिसमधून उचलून त्या त्या प्रोग्रॅमच्या फोल्डरात ठेवतात. सिस्टीमच्या फोल्डरातली मूळ फाईल बदलायला जाऊ नये. विंडोज गुपचूप जुनी परत आणून ठेवते आणि आपण तासभर डोकं खाजवत बसतो.

घड्याळाचीही गंमत आहे. मदरबोर्डवरचा सीआर२०३२ हा बटणसेल संपला की मशीन दर वेळी पंधरा-वीस वर्षं मागे जाऊन उठतं. मग सुरक्षित म्हणवणारी कुठलीही साइट उघडत नाही, कारण तिचं प्रमाणपत्र मशीनच्या लेखी अजून जन्मलेलंच नसतं. लोक नेटला आणि ब्राउझरला शिव्या घालतात. सेल घड्याळवाल्याकडे मिळतो. तो बदलूनही साइट उघडली नाही तर मग खरी अडचण : मूळ प्रमाणपत्रं जुनी झाली आहेत आणि ब्राउझरला नवी कूटभाषा येत नाही. एक्सपीवर क्रोम ४९ व्या आवृत्तीला थांबलं, फायरफॉक्स ५२ ला. त्यापुढे छंदिष्टांचं राज्य. सुपरमियम हा क्रोमच्याच मोकळ्या कोडवरून बनवलेला ब्राउझर एक्सपीवरही चालतो, आणि तो पाहून मी थक्क झालो होतो. मात्र ५१२ एमबी रॅमवर तो चालतो म्हणजे रखडतो.

जुगाडांत सर्वांत गाजलं ते एक्सपीचं. दुकानांतल्या बिलिंग मशीनसाठी मायक्रोसॉफ्टची पॉसरेडी २००९ नावाची आवृत्ती होती, आतून एक्सपीच. तिचे तुकडे एप्रिल २०१९ पर्यंत येत राहिले. रजिस्ट्रीत एक नोंद घातली की साध्या एक्सपीला आपण बिलिंग मशीन आहोत असं वाटायचं आणि तीही हे तुकडे घ्यायची. कंपनीने असं करू नका म्हणून बजावलं. लोकांनी पाच वर्षं केलं आणि बहुतेकांचं काही बिघडलं नाही. विंडोज ९८ वाल्यांची तर वेगळीच जात. पेनड्राइव्हचा सर्वसाधारण ड्रायव्हर ९८ मध्ये नव्हता, तो त्यांनी बसवून दिला. केर्नलएक्स नावाच्या थराने तिच्यावर नंतरच्या काळातले काही प्रोग्रॅमही चालवले. ९५ आणि ९८ मध्ये एक प्रसिद्ध खोट होती : मशीन सलग ४९.७ दिवस चालू राहिलं की मिलिसेकंद मोजणारा आकडा भरून जायचा आणि ते गोठायचं. आंजर्ल्यात ही खोट दुरुस्त करायची कधीच गरज पडली नसती. सलग ४९ दिवस लाइट कुठे असते!

सुरक्षेबद्दल दोन्ही बाजूंनी फार बडबड होते. एक बाजू म्हणते, जुनी सिस्टीम म्हणजे टाइमबॉम्ब. दुसरी म्हणते, माझ्याकडे काय आहे चोरायला. मे २०१७ च्या वॉनाक्राय हल्ल्याचं उदाहरण पहिली बाजू नेहमी देते, आणि तेव्हा मायक्रोसॉफ्टने मेलेल्या एक्सपीसाठीही तातडीने तुकडा काढला हे खरंच आहे. पण कॅस्परस्कीने मोजलं तेव्हा लागण झालेल्या मशीनांपैकी ९८ टक्क्यांच्या वर विंडोज ७ निघाली. ती तेव्हा मुदतीतली होती आणि तिचा तुकडा मार्चमध्येच आलेला होता. लोकांनी तो घेतला नव्हता. म्हणजे मुदत संपलेली सिस्टीम आणि मुदतीतली पण निष्काळजी सिस्टीम यांत त्या दिवशी दुसरीनेच जास्त मार खाल्ला. यावरून एक्सपी सुरक्षित आहे असं मात्र कुणी समजू नये. तिच्यावरून बँकेत जाऊ नये, ओटीपी येईल असं काहीही करू नये, आणि मोबाइलच्या हॉटस्पॉटवर जोडली तरी काम होताच तोडावी. आपल्याकडे तसंही नेटपेक्षा पेनड्राइव्हने जास्त घात केला. झेरॉक्सच्या दुकानातून आलेला पेनड्राइव्ह खोचला की फोल्डरांच्या जागी शॉर्टकट दिसायचे, ते दिवस कोण विसरेल? पेनड्राइव्ह लावताच आपोआप चालू होण्याची ती खोड मायक्रोसॉफ्टने २०११ च्या फेब्रुवारीत एका अपडेटने मोडली. ते अपडेट एक्सपीसाठीही आहे, आणि अजून कितीतरी मशीनांवर ते नाही.

त्याचं कारण उघड आहे. लॅमिंग्टन रोडवर मशीन जुळवून घेतलं की विंडोज 'मारून' मिळायची, बिलात तिचा उल्लेख नसायचा. आपली प्रत बिनबिलाची आहे हे ठाऊक असल्याने दुकानदार जाताना सांगायचा, अपडेट बंद ठेवा. आपण ठेवले. महाराष्ट्रातल्या घरगुती एक्सपीची अवस्था तिच्या वयाने जेवढी नाही तेवढी या एका सल्ल्याने झाली, असं माझं मत आहे. या छंदावर लिहिणारे परदेशी लोक परवान्याचा मुद्दा एका ओळीत उरकतात. आपल्याला तो तसा उरकता येत नाही.

सिस्टीमच्या आधी जो मरतो तो डबा. यावर बाहेरची पुस्तकी माहिती फारशी कामाची नाही, कारण ती कोरड्या खोल्यांत लिहिलेली असते. आंजर्ल्याची घरं रस्त्याला तोंड करून, मागे वाडी आणि वाडीपलीकडे समुद्र. खारा वारा चोवीस तास. रॅमचे पितळी दिसणारे दात काळवंडतात, मशीन चालू होताना नुसतं बीप बीप करतं. ती काढून दातांवर खोडरबर फिरवायचा, फुंकर न मारता कोरड्या फडक्याने पुसायचं, परत बसवायची. अर्ध्या तक्रारी इथेच मिटतात. पॉवर सप्लायमध्ये पालीची अंडी आणि मुंग्यांचं वारूळ ही खास आपली देणगी. २००० च्या आसपासच्या बोर्डांवरचे कॅपॅसिटर डोक्यावर फुगतात. तो त्या काळच्या मालाचाच दोष होता, जगभर गाजला, आणि सोल्डर करता येणाऱ्या कुणालाही ते बदलता येतात. पावसाळ्यात मशीन गुंडाळून ठेवण्यापेक्षा रोज अर्धा तास चालू करावं, आतली ऊब दमट हवेला थारा देत नाही. वीज कडाडायला लागली की मात्र सगळ्या वायरी काढायच्या, टेलिफोनची आधी. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात या पट्ट्यातली घरं उघडी पडली, माड-पोफळी आडव्या झाल्या आणि कित्येक दिवस वीज आली नाही. भिजलेल्या डब्यांपैकी जे वाचले ते लोकांनी चालू करायची घाई केली नाही म्हणून.

डिस्कबद्दल एवढंच : काहीही करायच्या आधी तिची प्रत काढा. जुनी आयडीई डिस्क यूएसबीला जोडायचं अडॅप्टर मिळतं. वीस वर्षं फिरलेल्या डिस्कवर अपडेटचे प्रयोग करायचे आणि मग प्रतीचा विचार करायचा, हा उलटा क्रम फार पाहिला.

जुन्या सिस्टीमची डागडुजी करण्याऐवजी ती पहिल्यापासून नव्याने लिहिणारेही आहेत. त्यांचा मला आदर आहे आणि उपयोग कमी. रिॲक्टओएस विंडोजची हुबेहूब पण मोकळी नक्कल करायला निघालं १९९६ मध्ये. २०२५ च्या मार्चमध्ये त्याची ०.४.१५ आवृत्ती आली, अजून कच्चीच. बीओएसच्या मागे हायकू, अमिगावाल्यांचं अमिगाचं. अपवाद फ्रीडॉसचा. मायक्रोसॉफ्ट डॉस बंद करणार म्हटल्यावर जिम हॉल या विद्यार्थ्याने १९९४ मध्ये ते सुरू केलं, आणि २०२५ मध्ये त्याची १.४ आवृत्ती आली. जुना डॉसवरचा हिशेब ज्यांना उघडायचा आहे त्यांनी आधी तिकडे जावं.

राहिलं लिनक्स. 'एक्सपी काढ, लिनक्स टाक' हा सल्ला मीही वर्षानुवर्षं दिला. मराठीच्या बाजूने तो वाईट नाही : २००० च्या सुमाराला इंडलिनक्सने भारतीय भाषांचं काम हाती घेतलं, पुढे रेड हॅटने लोहित फॉन्ट मोकळे केले, पुण्याच्या मंडळींनी मेन्यू मराठीत आणले. आजही अँटीएक्स किंवा पपीसारखं हलकं लिनक्स टाकलं की पेंटियम फोरवर पत्र लिहिणं, पीडीएफ वाचणं, गाणी ऐकणं व्यवस्थित होतं. पण लिनक्सलाही मुदत असते, ही गोष्ट त्याचे भक्त सांगत नाहीत. ३८६ प्रोसेसरला कर्नेलने २०१२ मध्येच निरोप दिला. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ ला ३२ बिटी मशीनवर बसवायची सोय नाही. १२ व्या आवृत्तीची लांबवलेली देखभाल जून २०२८ पर्यंत. फायरफॉक्सनेही ३२ बिटी लिनक्सचा हात सोडला. पेंटियम थ्रीवर तर आजचा ब्राउझर उघडतच नाही, त्या प्रोसेसरला लागणाऱ्या आज्ञाच येत नाहीत. २०१२ नंतरचा ६४ बिटी लॅपटॉप विंडोज १० बरोबर बाद ठरवला जात असेल तर त्याच्यावर डोळे मिटून लिनक्स टाका, दहा वर्षं चालेल. लॅमिंग्टन रोडच्या पेंटियम फोरचं तसं नाही.

म्हणून माझा हिशेब असा. गावात एक्सपीचे दहा डबे रडतखडत नेटवर चालवण्यापेक्षा एक डबा नीट ठेवावा : नेट तोडलेला, कुलूप लावलेला, फॉन्ट आणि पेजमेकर शाबूत असलेला, डिस्कच्या दोन प्रती काढलेला. अपडेट एवढंच, की तारीख बरोबर राहावी आणि नव्या पेनड्राइव्हवर फाईल उतरावी. त्याच्यावर उत्सवाच्या जुन्या पत्रिका, देवस्थानाचे अहवाल, कुलवृत्तान्त, जे काही आसपासच्या घरांत सीडीवर पडून आहे ते एकेक उघडावं. पहिल्यांदा नुसती पीडीएफ काढावी, त्यामुळे निदान पान जसंच्या तसं राहतं. मग मजकूर युनिकोडमध्ये. कुलूप पिचलं तर हा रस्ता बंद होतो, आणि ते पिचतं. खाऱ्या हवेत तर पिना आधी जातात.

रूपांतर झाल्यावर कुणीतरी ते वाचायला हवं. 'र्‍हस्व' आणि 'तऱ्हा' यांतला र कोसळलेला असतो, श-ष-क्ष इकडचे तिकडे होतात, आणि वंशावळीत एका वेलांटीने काकाची काकी होऊ शकते. हे काम मशीनचं नाही, त्या घराण्यातल्या दोघांतिघांनी छापील प्रत शेजारी घेऊन बसायचं आहे. अशी माणसं गावात मे महिन्यात असतात. ७ जूनच्या आत उरकावं.